बिल्हाच्या दगडांचा ठराव

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता गदाल्या दफ्तरखान्याच्या दारात उभा. दफ्तरखाना आठला उघडतो हे त्याला चांगलं ठाऊक आहे, दारावरची पाटी त्यानंच रंगवलीय.

“झिवा, खोकी आली म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“जेवणघरात सगळे तेच बोलतायत.”

“जेवणघरात सगळे माझ्या गुडघ्यांबद्दलसुद्धा बोलतात. आठला ये.”

ऐकतोय कुठला! चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण मला बाजूला सारून आत शिरला आणि छोट्या बाकड्यावर जाऊन बसला. आमचा दफ्तरखाना जुन्या बालघरात आहे. हात धुवायची बेसिनं गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि भिंतीवरच्या खुंट्यांशेजारी अजून बदक, छत्री, आगगाडी अशी चित्रं चिकटवलेली. आगगाडीच्या खुंटीला मी माझी पिशवी अडकवते. लहानपणी ती माझीच खुंटी होती, आणि कुणी तिथं टोपी अडकवली तर मला अजून राग येतो.

तीस वर्षं मी आमच्या किबुत्झच्या, म्हणजे या सामायिक वसाहतीच्या, स्वयंपाकघरात कांदे चिरले, आता सोळा वर्षं इथं कागद लावतेय. सगळं आहे माझ्याकडे. पोलंडमधल्या एका गावात, पुढं हा किबुत्झ उभारणाऱ्या सतरा-सतरा वर्षांच्या ज्यू पोरापोरींनी चळवळीचा गट काढला, तेव्हाची त्यांची सामायिक वही आहे. श्रीमंतांसारखा टाय घालणारा मुलगा आपला सोबती होऊ शकतो का, यावर त्या वहीत अकरा पानं भांडण आहे, आणि शेवटी त्या बिचाऱ्यानं टाय काढून वहीतच टाचून ठेवलाय. निळे शर्ट आहेत, तंबूंचे नकाशे आहेत, आणि पहिल्या दिवसापासूनच्या सभांच्या वह्या. फक्त १९६३ ते ६५ या तीन वर्षांच्या वह्या नव्हत्या. चळवळीच्या मुख्य दफ्तरखान्यानं एकदा जुने कागद मागवून नेले होते. आमच्या शहाण्यांनी ते कोंबडीघराच्या खोक्यांत भरून पाठवले. वर मोठ्या अक्षरांत ‘अंडी’. तिकडे कुणीतरी ती खोकी इमानदारीनं ‘कोंबडीपालन’ या कपाटात ठेवली, आणि चाळीस वर्षं कुणाला कोंबड्यांच्या इतिहासाची गरज पडली नाही. आता कुणाला तरी पडली, आणि खोकी परत आली.

“गुरुवारी तू बिल्हाची मुलाखत घेणार आहेस,” गदाल्या म्हणाला.

“हो. दहा वाजता.”

“ती ते सांगणार.”

‘ते’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आमच्याकडे ते सगळ्या किबुत्झला माहीत आहे.

१९६४ साली गदाल्याची बायको बिल्हा सव्वीस वर्षांची होती. कपड्यांच्या खोलीत इस्त्री करायची. आणि तिला दगडांचं वेड. शेतातून, ओढ्यातून, कुठूनही खिसे भरून दगड आणायची, फोडायची, जिभेवर ठेवून चाखायचीसुद्धा. तिला जेरुसलेमला जाऊन तीन वर्षं भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. तेव्हा असं स्वतःचं स्वतः ठरवता येत नसे. शनिवारी रात्री जेवणघरात सभा भरायची, ठराव मांडायचा, सगळ्यांनी हात वर करायचे. आणि नियम असा की ज्याचा विषय असेल त्यानं बाहेर जायचं, म्हणजे लोकांना तोंडावर ‘नाही’ म्हणायचा संकोच नको. बिल्हा बाहेर खिडकीशी थंडीत कुडकुडत उभी राहिली. आत कुणीतरी म्हणालं, “दगड तर आपण रोज शेतातून वेचून फेकतो, ते शिकायला जेरुसलेमला कशाला?” आणि सगळे खो खो हसले. मग अध्यक्षानं विचारलं, विरोधात कोण? आणि वाफ धरलेल्या काचेतून बिल्हाला दिसलं की तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा हात वर आहे.

ठराव पडला.

गदाल्याचं म्हणणं, “मी मत देत नव्हतो, पेन्सिल वर धरून हात मोजत होतो.” बिल्हाचं म्हणणं, “मोजणारा पेसाख होता. कागद हातात घेऊन फिरताना मी त्याला बघितलं. मोठ्या विषयाला दोन मोजणारे लावतात. माझ्या दगडांना दोन मोजणारे कोण लावतंय?” पेसाखला विचारावं, तर तो दुसऱ्याच आठवड्यात बायकोच्या माहेरच्या किबुत्झला राहायला गेला आणि पुढं तिकडेच वारला. पंचावन्न वर्षं हे चाललंय. चार मुलं झाली, नऊ नातवंडं झाली, पण गदाल्यानं सूपमध्ये मीठ कमी आहे म्हणावं, की बिल्हा म्हणणार, “तुझं काय, तू विरोधातच.” मी एकदा तिला विचारलं होतं, एवढा राग होता तर सोडून का गेली नाहीस. ती म्हणाली, “राग काढायला माणूस घरात लागतो ना!”

“घरात बोलते ते बोलते,” गदाल्या टोपी चुरगाळत म्हणाला. “त्याची सवय झालीय. पण इथं एकदा गेलं की कायमचं झालं. उद्या मी नसेन. नातवंडं येतील, तू ते आवाज टिपणारं मशीन लावशील, आणि आजी सांगेल की तुमच्या आजोबांनी माझं पाऊल मागं ओढलं. तेव्हा मी काय थडग्यातून उठून हरकत घेऊ?”

“तिचं म्हणणं मी कापणार नाही, आधीच सांगते. मी काहीच कापत नाही.”

“काप कोण म्हणतंय? वही शोध. मोजणारे कोण होते ते वहीत लिहिलेलं असणार. मला फक्त ते तिला दाखवू दे. गुरुवारच्या आत.”

त्याचा आवाज असा झाला की मी चहासुद्धा न टाकता सुरी घेऊन खोकी फोडायला बसले.

पहिल्या खोक्यात खरोखरच कोंबड्यांचे कागद निघाले, आणि एक पीस. दुसऱ्यात वह्या. ६४ची वही तळाशी होती. त्या वेळच्या चिटणिसाचं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं, पण मला सवय आहे. जानेवारी, फेब्रुवारी... आणि हे काय! ‘ठराव सहा. बिल्हाचं शिक्षण (दगड).’

मी मोठ्यानं वाचलं. “मोजणारे: उजवीकडून पेसाख. डावीकडून गदाल्या.”

गदाल्या ताडकन उठला, त्याचं डोकं वरच्या फळीवर आपटलं, तरी त्याला काही नाही. त्यानं माझ्या कपाळाचा मुका घेतला. “बघ! बघ! डावीकडून कोण? वाच परत!” मी तीनदा वाचलं. चाळीस वर्षं गोठ्यात काढलेला दांडगा माणूस माझ्यासमोर नाक ओढत होता. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

तिथंच वही मिटली असती तर बरं झालं असतं. पण मला खोड. स्वयंपाकघरात तीस वर्षं ताटं मोजली, त्यामुळे आकडे दिसले की माझं डोकं आपोआप बेरीज करतं.

“थांब जरा,” मी म्हणाले. “हजर अठ्ठ्याहत्तर. त्यातली बिल्हा बाहेर. राहिले सत्त्याहत्तर.”

“मग?”

“बाजूनं अडतीस. विरोधात अडतीस. तटस्थ कुणी नाही. अडतीस आणि अडतीस किती होतात?”

“शहात्तर.”

“एक माणूस कुठं गेला?”

“कुणाला तरी झोप लागली असेल. सभेत अर्धे लोक झोपायचे.”

पण पानाच्या मागं मोजणाऱ्यांच्या दोन चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. टाचणी पार गंजलेली. पेसाखची चिठ्ठी: ‘बाजूनं अठरा. विरोधात एकवीस, मी धरून.’ मेला पेसाख, विरोधात होता तर! दुसरी चिठ्ठी गदाल्याची. सुरेख, नीटस अक्षर, प्रत्येक टेबलाचा आकडा वेगळा, एकाखाली एक. बाजूनं सहा, पाच, पाच, चार. एकूण वीस. विरोधात सतरा. झोपलेले: कुणी नाही. आणि ‘मी धरून’ कुठंच नाही.

गदाल्यानं चिठ्ठी हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला. ओठ हलवत बेरीज केली. दोनदा.

“झिवा,” तो म्हणाला, “मी स्वतःला मोजलंच नाही.”

हा माणूस म्हणजे काय सांगू! प्रत्येक गाईचं दूध दशांश चिन्हापर्यंत लिहिणारा. जिल्ह्यातून लोक त्याच्या नोंदी बघायला यायचे. पण चळवळीत आम्हा सगळ्यांना शिकवलं तेच, आधी बाकीचे, मग आपण. बाकीचे मोजून झाले आणि हा स्वतःपर्यंत पोचलाच नाही. आणि नियमाप्रमाणे मतं बरोबरीत सुटली की ठराव पडतो. एक हात, त्याचा स्वतःचा एक हात मोजला असता, तर बिल्हा जेरुसलेमला गेली असती.

“एका हातात पेन्सिल होती,” तो पुटपुटला. “एका हातात कागद. वर करायला हात होता कुठं?”

मला त्याची इतकी दया आली की जे मी जन्मात केलं नसतं ते तोंडातून गेलं. “हे बघ, तुला हवंय ते पुढच्या बाजूला आहे. मोजणारा गदाल्या. वही उघडून एवढंच दाखव. पान उलटायला ती कशाला जातेय?”

“तू म्हणतेस हे? तू?”

“मी काहीच म्हटलं नाही.”

तो निघून गेला. दुपारी जेवणघरात आला नाही. बुधवारीही आला नाही. मला घोर लागला. म्हातारा आधी निदान निर्दोष म्हणून तरी ताठ चालत होता, मी बेरीज करून त्याचं तेही घालवलं. संध्याकाळी त्याच्या दारावरून गेले, तर आत बिल्हाचा हातोडा ठकठक चाललेला. दगड फोडत होती. म्हणजे अजून काही बोलला नव्हता.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला बिल्हा आली. एवढीशी बाई, पण चालते अशी की समोरच्यानं बाजूला व्हावं. मागून गदाल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले.

“हा कशाला आलाय?” मी विचारलं, जणू मला माहीतच नाही.

“ऐकायला, म्हणे,” बिल्हा म्हणाली. “पंचावन्न वर्षं ऐकलं नाही, आज कान उघडलेत. बसू दे. तोंडावर सांगते.”

मी मशीनला हात घातला, तर गदाल्या म्हणाला, “थांब. आधी तिला वही दे.”

मी वही तिच्यापुढं ठेवली, पान काढून. तिनं चष्मा लावला. मुंग्यांचं अक्षर तिलाही जमतं, इतकी वर्षं बारीकसारीक दगड बघून नजर तयार आहे. ती वाचत गेली आणि एका ओळीवर बोट थांबलं.

“डावीकडून गदाल्या,” ती हळूच म्हणाली. “मोजत होतास.”

“मोजत होतो.”

“म्हणजे दोन मोजणारे होते.”

“दोन.”

“माझ्या दगडांना दोन मोजणारे लावले होते?” आणि देवाशपथ सांगते, बाईच्या चेहऱ्यावर जरा गुलाबी छटा आली. मग तिनं चष्मा काढला. “आणि मी एवढी वर्षं... अरे, तू ओरडून का नाही सांगितलंस?”

“रोज ओरडत होतो.”

“तुझं ओरडणं म्हणजे काय ओरडणं!” तिनं त्याच्या बाहीवर हात ठेवला. मी मनात म्हणत होते, उठ गदाल्या, आता तिला जेवायला घेऊन जा, जिंकलास, आता एक शब्द बोलू नकोस. पण तो मठ्ठ वाकला आणि त्यानं स्वतःच्या हातानं पान उलटलं.

“मागचंही बघ.”

बिल्हाला बेरजेला वेळ लागला नाही. “एक कमी आहे.”

“तो मी.”

“म्हणजे?”

“सगळ्यांना मोजलं. मला मोजलं नाही. मोजलं असतं तर तू गेली असतीस.”

मी वहीवर हात ठेवला, न जाणो फेकून मारली तर.  बिल्हाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, तर बाई हसत होती! टेबलावर थापा मारत, डोळ्यांतून पाणी काढत.

“गाढवा! अरे गाढवा! गाईंच्या शेपट्या मोजायचास तू! मला वाटत होतं मी एका दुष्टाबरोबर संसार केला, आणि हा निघाला बावळट! झिवा, बघ गं, पंचावन्न वर्षं मी बावळटाला दुष्ट समजून घाबरून होते!”

“तू? घाबरून?” मी म्हटलं. मग मीही हसायला लागले, आणि गदाल्याही हसला, पण जपून.

एकाएकी ती थांबली.

“पण थांब. तू बाजूनं होतास, हे कुठं लिहिलंय?”

गदाल्याचं हसू गेलं. “कुठंच नाही.”

“विरोधात नव्हतास, एवढं कळलं. पण बाजूनं होतास याला कागद नाही.”

“नाही.”

“म्हणजे वहीप्रमाणे तू इकडेही नाहीस आणि तिकडेही नाहीस.”

“नाही.”

“मग मी कशावरून मानू?”

 ही बेरीज मलाही सुचली नव्हती.  गदाल्याला बोलता येत नाही, कधीच आलं नाही, सभेतसुद्धा तो मोजायला उभा राहायचा तो बोलावं लागू नये म्हणूनच.

“कशावरूनही नको मानूस,” तो म्हणाला. “मी मोजत होतो आणि मनात एकच चाललेलं, ही तीन वर्षं गेली तर मला घर खायला उठेल. आपलं पहिलं पोर तेव्हा दोन वर्षांचं. तू नसताना मी काय करणार होतो? प्रत्येक विरोधी हात दिसला की बरं वाटत होतं. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. बरं वाटत होतं. आणि तरी मी तुझ्या बाजूनं होतो. जीव रडत होता, पण बाजूनंच होतो.”

  बिल्हानं त्याच्या चापून बसवलेल्या केसांकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, मग परत त्याच्याकडे.

“झिवा, मशीन चालू कर.”

मी केलं. लाल दिवा लागला. ती ताठ बसली.

“माझं नाव बिल्हा. १९६४ साली मी जेरुसलेमला शिकायला जायचा ठराव सभेपुढं ठेवला होता. तो ठराव मंजूर झाला. एकोणचाळीस विरुद्ध अडतीस. सभेच्या वहीत अडतीस लिहिलंय, ते चुकलंय. एकोणचाळिसावं मत माझ्या नवऱ्याचं, गदाल्याचं.”

मुलाखतीत कुणी वहीविरुद्ध काही सांगितलं, तर मला विचारावंच लागतं. विचारलं.

“पुरावा?”

“पुरावा कसला मागतेस? पंचावन्न वर्षं मी त्याच्याविरुद्ध बोलत आले, तेव्हा तुम्ही कुणी पुरावा मागितलात? सगळ्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आता त्याच्या बाजूनं बोलतेय तर माझ्या शब्दाला काय धाड भरली?”

खरं होतं. मी मागितला नव्हता. आमच्यातल्या कुणीच मागितला नव्हता. मी खाली मान घालून लिहिलं, एकोणचाळीस.

गदाल्या आता उघडउघड रडत होता, लहान पोरासारखा, आवाज करून, आणि ते सगळं मशीनमध्ये जात होतं.

“रडणं पुरे,” बिल्हा त्याला म्हणाली. “ठराव मंजूर झालाय तर अंमल नको करायला? ऑक्टोबरात वर्ग सुरू होतात. म्हाताऱ्यांना मागच्या बाकावर बसून ऐकू देतात, मी चौकशी करून ठेवलीय. जेरुसलेमला माझी बहीण आहे, तिच्याकडे राहीन. आठवड्यातले चार दिवस तुला एकट्यानं काढावे लागतील. चालेल?”

गदाल्यानं बाहीनं नाक पुसलं.

“चालेल,” तो म्हणाला. “जा तू.”